पाच गाड्यांची भिशी

३ नोव्हेंबर, सोमवार

दाराच्या घंटीच्या बटनावर गाडी सुरू झाली! पांढरं बटन, पाव्हना आला की दाबतात ते — आणि त्याच्यावर माही पोपटी सुरू झाली!

चावीचा खटका मेला होता. शनिवारपासून चावी फिरवा, फिरवा, गाडी ठार मुकी. आज ऑटोत टाकून शेलूबाजारले नेली. तिथला हेमसिंग विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देते. आमच्या गाड्याईले दुसरा कोनी हात लावत नाई, म्हनून तोच आमचा डॉक्टर. त्यानं खटका खोलला, वास घेतला अन् म्हने, काकू, हा आता चायनात भेटला तं भेटला. मंग उठला, समोरच्या दुकानातून घंटीचं बटन आनलं, सीटखाली लपवून दोन तारा जोडल्या. म्हने दाबा. दाबलं. लाइट लागला. मी भर रस्त्यात अशी हासली की चहावाला बाहेर येऊन पाहून राह्यला.

आता कोनीही दाबलं तं गाडी सुरू होईल, हे खरं. पन बटन कुठं आहे ते तिघांनाच ठाऊक — मी, हेमसिंग अन् ही वही.

५ नोव्हेंबर, बुधवार

शेलूबाजारच्या क्लासले गेली, आली. ब्लाउजच्या बाहीवर मोर काढला. आरी वर्क म्हनजे आकड्याच्या सुईचं भरतकाम, मोठी किचकट भानगड, पन मोराची मान जमली. निकिता मॅडम (वय अठ्ठावीस! माह्या पोरापेक्षा लहान!) म्हने, तुळसाकाकू, तुमचा हात हलका आहे. दिवसभर तेच डोक्यात.

पोपटी नसती तं कुठला क्लास अन् कुठला मोर. दोन वर्षांपहिले मालेगावच्या उत्तमचंदसेठच्या पोरानं, नमननं, कापडाच्या दुकानाले लागून शोरूम टाकली होती. चायनाच्या बॅटरीच्या गाड्या. लायसन नको, नंबर नको, पंचवीसच्या वर पळतच नाई. फुगे लावले, पेढे वाटले, पयल्या पाच बायांना हेल्मेट फुकट. त्या पाच बाया म्हनजे आमी — मी, निकिता, बांगड्या विकनारी बेबीबाई अन् इंझोरीच्या दोघी जावा. सहावी बाई आलीच नाई! वर्ष सरलं अन् कंपनीचा फोन लागनं बंद. आता शोरूममध्ये मोबाइलचे कव्हर मिळतात. नमन बिचारा आमाले पाह्यलं की थंडा मागवते. होते नव्हते ते आरशे, ब्रेकच्या तारा, सारं देऊन बसला. मागच्या डावी तं भिंतीवरच्या पोस्टरमधली गाडी दाखवून म्हने, काकू, एवढीच उरली.

बावन्न वर्षं मले कोनी ना कोनी नेलं. बापानं नेलं, भावानं नेलं, उकंडरावनं नेलं, पोरगा मोठा झाला तं त्यानं नेलं. कुठं जायाचं म्हटलं की मी उंबऱ्यात उभी राहून पयले इचारायची, "कोन नेते?" पोपटी आल्यापासून एक डावही इचारलं नाई. अन् इचारनारही नाई. मरन पन इचारनार नाई.

(नवऱ्याचं नाव लिहिलं! तोंडानं घेत नाई, पन वहीले काय कळते. उकंडराव, उकंडराव, उकंडराव.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पोपटी रस्त्यात बसली.

शेलूबाजार घरापासून अकरा किलोमीटर. एका रात्रीच्या चार्जिंगवर जाऊन येऊन वरून गावात मिरवायची मी. आज येताना फाट्याच्या अलीकडंच काटा लालमध्ये. मंग गोगलगाय. मंग तेही नाई. ढकलत होती, तेवढ्यात गावातल्या दौलतरावचं ट्रॅक्टर आलं, मांगं कपाशीनं भरलेली ट्रॉली. पोपटी ट्रॉलीत, पोपटीले धरून मी. कापसात बसून गावात शिरली! पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात हालवला.

उकंडराव ओसरीत बसले होते. म्हने, झालं, खेळनं मोडलं. दोन वर्षांत एक डाव बसले नाईत त्या गाडीवर. म्हनतात, एवढीशीच गाडी, माह्या धोतराले पुरत नाई. मी म्हटलं, तुमाले कोनं बोलावलं.

९ नोव्हेंबर, रविवार

गावातल्या गावात फिरून आली, तरी शेवटी ढकलली. फक्त अर्धा किलोमीटर. सुधारना आहे!

१२ नोव्हेंबर, बुधवार

हेमसिंगनं मीटर लावलं. म्हने, काकू, बॅटऱ्या बसल्या.

दुसऱ्या टाका म्हटलं. तं म्हने, आपल्या इकडच्या बॅटऱ्या या डब्यात बसत नाईत, बोटभर जाड होतात. बसवल्या तं सीट लागत नाई. सीटबिगर चालवता का? मी म्हटलं चालवते, पाटा टाकते! तो हासून हासून खाली बसला.

मंग म्हने, एक रात माह्याजवळ ठेवून जा, मी भरून पाह्यतो, मंग नक्की सांगतो. मी साफ नाई म्हटलं. पोपटी माह्या घराबाहेर झोपत नाई. अन् ती तिथं ठेवली तं मी घरी कशी येऊ? कोनाले तरी फोन करून बोलावू? आपल्याच्यानं होनार नाई. म्हटलं, नक्की काय सांगायचं त्यात, बसल्या म्हनजे बसल्या.

रात्रभर लावून ठेवते तरी भरत नाई. म्हातारी झाली बिचारी. आता भिशी!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज आमच्या घरी भिशी झाली. पोहे, शेव, चहा दोन डाव. उकंडराव सकाळीच वावरात पळाले.

आमची भिशी पैशाची नाई, गाड्यांची आहे. मागच्या उन्हाळ्यात बेबीबाईनंच काढली ही अक्कल. बजारात भेटत नाई असं काही एखादीले लागलं तं पाची जनींच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. जिची निघाली तिची गाडी खोलायची. ज्याले जे पाह्यजे ते घ्यायचं, बाकी हेमसिंगकडं राखून ठेवायचं. अन् जिची गाडी गेली तिले बाकीच्या चौघींनी जलमभर मांगं बसवून न्यायचं, ती म्हनन तिथं, ती म्हनन तवा. देवापुढं शपथ घेतली होती. तवा लय हासलो होतो, खरंच चिठ्ठी टाकाची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

माहंही नाव टाकलं. नियम म्हनजे नियम. माही निघाली असती तं पोपटीच गेली असती — छातीत धडधड, तोंडात पोहे!

निकिताच्या चार वर्षांच्या संस्कृतीनं तांब्यात हात घातला. चिठ्ठी काढली अन् सरळ तोंडात टाकली! तिच्या गालातून काढता काढता आमी लोटपोट. ओली चिठ्ठी उघडली. बेबीबाई.

बेबीबाई म्हने, चला, सुटली मी चार्जिंगच्या कटकटीतून. अन् पुन्हा पोहे घेतले. नवरा जाऊन तिले सहा वर्षं झाली. सात गावचे बजार करते बांगड्यांचे डबे घेऊन. गाडी तिची आमच्या सगळ्यांत चांगली चालते. म्हनजे चालत होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हेमसिंगच्या दुकानात गाडी खोलली. लगनाचा आहेर वाटावा तसं वाटप. बॅटऱ्या मले. कंट्रोलरचा डबा निकिताले, तिची चढावर झटके मारते. मोटार इंझोरीले. ब्रेकवरून दोघी जावा भांडल्या, मंग एकीनं पुढचा घेतला, एकीनं मांगचा. हेमसिंग म्हने, मी एवढ्या मोटारी भरल्या, पन असं तेरवीचं जेवन पाह्यलं नाई.

त्यानं बेबीबाईच्या बॅटऱ्या पोपटीत टाकून, दुकानातच पूर्न भरून देल्या.

बेबीबाईनं एक आरसा मागून घेतला. म्हने, घरी लावते, पावडर लावाले बरा. पदरात गुंडाळून नेला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उडून राह्यली पोपटी! काल बेबीबाईले बजारात सोडलं, आनलं. आज क्लास. काटा अजून हिरव्यात! उतारावर मी गानं म्हटलं. मोराले पिसारा फुटला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बसली.

मांगं बेबीबाई, तिच्या मांडीवर बांगड्यांचे तीन डबे, पायाजवळ दोन. भर उन्हात, ना इकडचं गाव ना तिकडचं. म्या पोपटीले शिव्या देल्या, मंग हात जोडले, मंग लाथ मारली. बेबीबाईनं पदर खोचला. डबे डोक्यावर घेतले अन् चालाले लागली. बजार अर्धा उठला होता म्हने, ती पोहचली तवा.

ती रागावली असती तं बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काय चाललं तरी काय!

सकाळी कशीबशी क्लासले पोहचली. काटा लाल. निकिता म्हने, काकू, चार्जर आना इकडं, इथं लावू. अकरापासून पाचपर्यंत लावला. तोच चार्जर, त्याच बॅटऱ्या. अन् पोपटी घरापर्यंत आली, मंग गावाले चार चक्कर मारले, मंग नदीच्या पुलापर्यंत जाऊन आली, तरी हिरवी! मी ऐटीत उतरली. म्हनजे बॅटऱ्या चांगल्या. मंग जुन्याही चांगल्याच असतील का? पोपटीले रोग नव्हताच!

रोग घरच्या बोर्डाले आहे. नक्की तेच. बोर्डात करंट येते अन् जाते. उद्या वायरमन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना म्हटलं, वायरमनले बोलावते, ओसरीतला बोर्ड बदलून टाकू. उकंडरावचा घास हातातच राह्यला. मंग ताटाकडं पाहून म्हने,

"बोर्डाले काही झालं नाई. मीच बंद करतो."

या महिन्याच्या सुरुवातीले कोनी त्याईच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. चार्जिंगले लावलेली गाडी रात्री फुटली अन् घर पेटलं. तवापासून रोज, मी झोपली की हे उठतात, बोर्डाचं बटन बंद करतात. पहाटे पाचले पुन्हा चालू करतात, मी उठली की चार्जरचा लाल लाइट दिसला पाह्यजे म्हनून. वीस-बावीस दिवस! अन् मी म्हनत होती, या मानसाले दुपारी एवढी झोप काहून येऊन राह्यली.

म्हटलं, मले सांगितलं काहून नाई?

"तू हासली असती. अन् गाडी भिंतीले लागून उभी राह्यते. भिंतीच्या अलीकडं तुहं डोक्स असते."

हासलीच मी. पोट धरून हासली, डोळ्याले पानी आलं. हा मानूस पोपटीले खेळनं म्हनते अन् रात रात तिच्यापायी जागते! एवढं तं लगनाच्या नव्या नवाईत जागला नाई. तेही हासले. ताटं तशीच राह्यली.

मंग एकदम आठवली बेबीबाई.

माह्या बॅटऱ्या बसल्या नव्हत्याच. तिची चालती गाडी आमी फुकट खोलली. अन् उकंडरावले एकट्यालेच काय बोलू. हेमसिंग म्हने एक रात ठेव. मीच ठेवली नाई. माह्या तोऱ्यापायी.

ती गाडी आता पुन्हा बनत नाई. मोटार इंझोरीले, डबा निकिताले, आरसा तिच्या भिंतीवर.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पोपटी बेबीबाईच्या दारात लावली. चार्जर देला, घंटीचं बटन दाखवलं. सारं सांगितलं, काही लपवलं नाई. वाटलं, ती दार लावून घेईल. ती नाई नाई म्हनून राह्यली, मी ऐकलं नाई. मंग सीटवर हात ठेवून उभी राह्यली अन् म्हने, "तुळसाबाई, माह्या घरी मी झोपल्यावर बटन बंद करनारं कोनी नाई. दिवसाच लावत जाईन."

गल्लीच्या तोंडाशी उकंडराव मोटारसायकल घेऊन उभे होते. मी सांगितलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. म्हने, बस.

म्या चावीवर हात ठेवला. म्हटलं, सरका मांगं. गेर कुठं असते तेवढं सांगा.

सरकले.