कुठला कॅमेरा घेऊ?

प्रिय ठमे,

'बाबा, कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?' एवढाच तुझा मेसेज. मागे-पुढे काही नाही. तरी मी तो दिवसभर गिऱ्हाईक गेलं की उघडून वाचत होतो. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण मग तू ते अंगठ्याचं चित्र पाठवलं असतंस आणि विषय संपला असता. हल्ली आपलं सगळं बोलणं त्या अंगठ्यापाशी येऊन थांबतं. म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसलोय. आई गेली तेव्हा तू येऊन गेलीस, त्यानंतर आपण भेटलोच नाही. रागावलेलो नाही मी, तुझ्यामागे कामं असतात. पण तुझी फार आठवण येते. हे एकदाचं लिहून टाकलं म्हणजे पुढचं कॅमेऱ्याचं नीट सुचेल.

तर कॅमेरा. दुकानात आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारतो, कोणाचे फोटो काढणार आणि किती लांबून? परवा एक लग्नाचे फोटो काढणारा आला होता. त्याला दोन कार्डं बसणारा कॅमेरा दिला, कारण एक कार्ड बिघडलं म्हणून नवरा-नवरी काही पुन्हा लग्न करणार नाहीत. वर झूम लेन्स, कारण मामा-मावश्यांच्या गर्दीत त्याला पाऊलभर मागे सरकायला जागा नसते. आपले जुने पक्षीवाले काका आठवतात? त्यांनी अखेर ती तोफेएवढी लांब लेन्स घेतलीच. आता पाठीला पट्टा बांधून फिरतात, आणि काकू म्हणतात की घरात माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाही. डोंगर चढणाऱ्यांना मी आरसा नसलेला हलका कॅमेरा देतो. घरं विकणाऱ्या दलालाला रुंद लेन्स, म्हणजे फोटोत खुराड्याचा दिवाणखाना होतो. आणि तान्ह्या बाळाच्या आईला पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स, झूम नसलेली. ती भरपूर उजेड आत घेते, त्यामुळे फ्लॅश मारून बाळाला दचकवावं लागत नाही आणि मागचा धुण्याचा ढीगही पुसट होतो. मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नकोस. कॅमेरे दरवर्षी नवे येतात, चांगली लेन्स मात्र वर्षानुवर्षं साथ देते. हात सैल सोडायचा तर लेन्सवर सोड.

तू कोणाचे फोटो काढणार ते मात्र कळवलं नाहीस. पक्षी म्हणावेत तर तुला पहाटे उठवायला ढोल लागायचा. कोणी माणूस असेल तर बिचकू नकोस, मी काही खाणार नाही त्याला. फक्त लांबची लेन्स घेऊ नकोस, माणसाच्या जवळ जाऊन फोटो काढ.

दुकानात आता मी एकटाच असतो. मदतनीस मुलगी लग्न होऊन गेली, नवीन कोणी ठेवलं नाही. गिऱ्हाईकंही कमीच येतात, फोनवर भागतं सगळ्यांचं. जे येतात ते कॅमेरा हातात घेतला की पहिला फोटो माझाच काढतात, दुसरं असतं कोण समोर? मग पडद्यावर माझा चेहरा मोठा करून डोळ्याच्या पापण्या स्पष्ट आल्यात का बघतात आणि फोटो पुसून टाकतात. या गावात माझ्याइतके फोटो कोणाचे निघाले नसतील, आणि घरात मात्र एक नाही. पूर्वी आई शेजारच्या स्टुलावर बसून प्रत्येकाला सांगायची, अहो, जरा हसवा त्यांना, मग काढा. आता मी आपला तसाच उभा राहतो.

मध्यंतरी एक गंमत झाली. नव्या आलेल्या लेन्समधून बघितलं तर सगळं धुरकट. पुसली, फुंकली, दिव्यासमोर धरली. शेवटी खराब माल म्हणून कंपनीला परत पाठवली. पुढची आली, तीही तशीच. तीही पाठवली, सोबत चार शब्द सुनावणारं पत्र. दोन्ही परत आल्या, लेन्समध्ये काही दोष नाही म्हणून. मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसलो. मग गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, त्यांना म्हाताऱ्या वडिलांचे फोटो काढायचे होते. रिवाजाप्रमाणे त्यांनी माझा फोटो काढला, पडद्यावर डोळा मोठा केला आणि बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, काका, तुमच्या उजव्या डोळ्यात पांढरं दिसतंय. आयुष्यभर मी कॅमेरा उजव्याच डोळ्याला लावत आलो ग. दोष बिचाऱ्या लेन्सचा नव्हताच.

डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू आहे, काळजीचं काही नाही, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी काढणार आणि त्याच दिवशी घरी सोडणार. फक्त सोबत घरचं कोणीतरी हवं म्हणतात. खिडकीत बसलेल्या नर्सने विचारलं, कोण येणार? माझ्या मागे रांग होती, आणि कोणी नाही असं मला म्हणवेना. तोंडातून निघून गेलं, मुलगी येणार आहे. तिने ते लिहूनही घेतलं. तेव्हापासून रोज तुला फोन लावायला घेतो आणि ठेवून देतो, म्हणून शेवटी हे पत्र. येशील का ग? जमणार नसेल तर तसं फोन करून सांग, मी शेजाऱ्यांना विचारेन. पण फोनच कर. तेवढाच तुझा आवाज ऐकू येईल.

तुझाच, दुसऱ्या कोणाचा असणार,
बाबा