देवाच्या फुलांचा गुलकंद

आई, आज बाल्कनीतल्या गुलाबावर भुरी दिसली. पानांवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर. बायको म्हणाली, "औषध आणा ना काहीतरी," आणि मला आपल्या नानाखेड्याच्या घराचं अंगण आठवलं. शिळ्या ताकात पाणी घालून तू एकेक पान पुसत बसायचीस. सगळं अंगण आंबूस व्हायचं. कॉलनीत तेव्हा गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या लागत होत्या, शेजारी नवा रंगीत टीव्ही आला होता, आणि आमच्याकडे गुलाब ताक पितात, असं मी मित्रांना हसून सांगायचो. तुला ऐकू जायचं. "हस लेका, हस," एवढंच म्हणायचीस.

एका वर्षी मात्र भुरी ताकाला दाद देईना. मी टावर चौकातून औषधाची बाटली आणली. दुकानदाराने बजावलं होतं, "भैया, खाने-पीने की चीज़ पे मत मारना." मी ऐटीत म्हणालो, "भगवान को चढ़ाने के फूल हैं, कौन खाएगा!" थोड्याच दिवसांत नवी पानं हिरवीगार आली, झाडं फुलांनी लगडली, आणि तू गल्लीभर सांगत सुटलीस की आमच्या मुलाने इलाज केला. देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही हा तुझा नेम, त्यामुळे औषधाचा दर्प तुला कधी आलाच नाही. देवावरून उतरलेल्या पाकळ्या पायदळी जाऊ नयेत म्हणून तू दरवर्षी त्यांचा गुलकंद घालायचीस. निम्मी बरणी मीच संपवायचो, आणि तरी फवारताना मला ते सुचलं नाही. इतका मी शहाणा.

चैत्रातली दुपार आहे. तू बरणी उन्हातून आत आणतेस आणि चमचा माझ्या तोंडासमोर धरतेस. "उघड तोंड. तुझ्या औषधाचीच फुलं आहेत, यंदा एकदम बढ़िया झालाय." दुकानदाराचं बोलणं मला लख्ख आठवतं. एका वाक्याचं काम आहे. पण गल्लीभर कौतुक करून घेतलेला मी, आता कोणत्या तोंडाने सांगू? "दाढ दुखतेय गं," मी म्हणतो. "बरं, मग मीच खाते," असं म्हणून तू हसत चमचा तोंडात घालतेस. पुढे उन्हाळाभर तू रोज जेवणानंतर तो गुलकंद खाल्लास आणि मी रोज समोर बसून बघितलं. लाज वाटते आई, फार लाज वाटते.

तुला काही झालं नाही. नंतर पुष्कळ वर्षं तू धडधाकट होतीस. मी मात्र तुला साधा खोकला आला तरी दचकायचो, डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागायचो, आणि तू शेजारणींना सांगायचीस, "बघा, किती काळजी करतो माझी." ते ऐकून मी खोलीतून उठून जायचो. हे पत्र आता टाकणार कुठे? तू असतीस तरी मी ते तुझ्या हातात दिलं नसतं, हेही मला ठाऊक आहे. एकच सांगतो. तू गेलीस त्या दिवशी डॉक्टरांनी हार्ट अटॅक म्हणून सांगितलं, तेव्हा रडू फुटायच्या आधी मला हायसं वाटलं होतं.