खुणांच्या चौकटीखाली

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
१२ फेब्रुवारी १९९७

ती. आत्यास,

चित्राचा नमस्कार. गोविंदाच्या हातून लिहवून घेतलेलं तुझं पत्र पोचलं. गुडघा अजून दुखतो आणि तरी रोज टोपली उचलतेस, हे वाचून राग आला. पण तुला सांगून काय उपयोग, तू ऐकणार थोडीच आहेस. इकडे आम्ही ठीक. आनंदला मानपाड्याच्या कारखान्यात दिवसपाळी मिळाली, त्यामुळे आम्ही नवरा-बायको आता एकमेकांना ओळखू लागलो आहोत.

पोरीने एवढं शिकून ऑफिसात बसून चित्रंच काढायची का, असं तू विचारतेस. तसंच समज. फक्त रेघा हाताने ओढायच्या नसतात. कॉम्प्युटरवर खाडी एका थरात असते, रस्ते दुसऱ्या, घरं तिसऱ्या. मग सगळं एका मोठ्या कागदावर बसवायचं: वर नाव, कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली मोजपट्टी, आणि कोणत्या खुणेचा अर्थ काय ते सांगणारी एक चौकट. बसवताना डोकं उठतं.

देवळाबाहेर लावलेला नव्या रस्त्याचा नकाशा आमच्याच ऑफिसातून गेलाय, हे खरं आहे. मीच केला. आपल्या जवळा वाळवायच्या खळ्याला धक्का लागतो का, असं तू विचारलंस. नकाशात तिथे रस्ता दाखवलेला नाही. गोविंदाला म्हणावं, नीट बघ.

या महिन्यात येणं जमणार नाही, कामाची फार गर्दी आहे. आणि सुका जवळा पाठवू नकोस, इथे शेजारी नाकं मुरडतात. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
चित्रा


कोपर
२ मार्च १९९७

ती. आत्यास,

नमस्कार. गोविंदाचं पत्र शुक्रवारी मिळालं. नव्या रस्त्यावर हरकती द्यायची मुदत गुरुवारीच संपली होती.

गोविंदा, हे तू आईला मोठ्याने वाचत असशील. पुढचं सावकाश वाच आणि काही गाळू नकोस. मी वाईट दिसेन म्हणून तर अजिबात गाळू नकोस.

आत्या, त्या दिवशी देवळापाशी बैठक झाली तेव्हा गोमाजीकाकांनी नकाशावर बोट ठेवलं, हायवेपासून रस्त्याची लाल रेघ धरत आणली आणि रेघ चौकटीला अडली तेव्हा विचारलं, "या चौकटीचे खालती काय हाय?" आणि तू त्यांना गप्प केलंस. "आपले पोरीनं काढलाय नकशा, मंग कशाला भ्याचा?" त्यावर कुणीच हरकत लिहिली नाही. गोविंदाने हे मोठ्या कौतुकाने कळवलंय. ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

गोमाजीकाकांनी बरोबर विचारलं. चौकटीखाली आपलं खळं आहे, होड्या लावायची जागा आहे, आणि रस्ता दोन्हींवरून जातो.

नकाशा छापायला द्यायचा त्या दिवशी चौकटीला जागाच मिळेना. पाण्यावर ठेवली तर खाडीचं नाव झाकत होतं, वर ठेवली तर घरं. साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "अगं, तो काठाचा कोपरा रिकामाच आहे ना. ती लेजंडची चौकट तिकडे टाक आणि एक्स्पोर्ट कर, प्लॉटरवाला थांबलाय." त्यांना तो रिकामाच दिसत होता. खळ्यावर ना घर ना भिंत, मोजणीवाल्यांनी ते कुठल्याच थरात धरलं नव्हतं.

मला मात्र दिसत होतं. तू वाकून जवळा उलटतेस ती जागा मला पडद्यावर बोटाने दाखवता आली असती. लाल रेघेचं टोक झाकलं जातंय हेही कळत होतं. "सर, तिथे माझी आत्या मासळी वाळवते," एवढंच म्हणायचं होतं. पण मी ते म्हटलं नाही. ऑफिसात मी सगळ्यांना डोंबिवलीची म्हणून माहीत आहे. डब्यात मी कधी सुकट नेली नाही. मला लाज वाटली आत्या, दुसरं काही नाही. कुणी धमकावलं नाही, साहेबांच्या तर ते लक्षातही नसेल. मी चौकट सरकवली आणि एक्स्पोर्ट केलं. तसं केलं की थर उरत नाहीत, सगळ्याचं मिळून एकच चित्र होतं. मग खालचं कुणालाच उघडून बघता येत नाही.

आणि तू विचारलंस तेव्हा पंधरा दिवस हातात होते. मी शब्द मोजून उत्तर लिहिलं आणि तुला फसवलं. कामाची गर्दी नव्हती. रजा पडून आहेत. मी आले नाही.

काल आनंदला सांगितलं. तो म्हणाला, "मग तू स्वतः जा ना, मला कशाला पाठवतेस?" पण तुझ्यापुढे उभं राहायची माझी छाती होत नाही. म्हणून हे पाकीट त्याच्या हाती दिलंय. त्याला चहा दे, त्याचा यात काही दोष नाही.

सोबत दोन कागद आहेत. एक नकाशा. यात चौकट पाण्यावर ठेवली आहे, खाडीचं नाव झाकलं तर झाकू दे. लहान प्रिंटरवर चार तुकड्यांत छापून चिकटवलाय, सांध्यापाशी रेघा जरा सरकल्या आहेत. पण रस्ता खळ्यावरून कसा जातो ते स्पष्ट कळतं. गोमाजीकाकांना दाखव आणि माझ्या वतीने त्यांची माफी माग.

दुसरा माझा जबाब, हरकती घेतात त्या कचेरीत द्यायचा. लोकांना दाखवलेल्या नकाशात रस्त्याचं टोक झाकलेलं होतं, ते मी जाणूनबुजून झाकलं, तरी नकाशा पुन्हा लावून मुदत पुन्हा द्यावी, असं त्यात लिहिलंय. ऐकतीलच असं नाही. काल एका वकिलांना विचारलं, ते म्हणाले, प्रयत्न करून बघा. पहिल्याच ओळीत "मी बाळकुमच्या कोळीवाड्यातली" असं आहे. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जबाब दिला की माझी नोकरी जाईल. ते कळल्यावर तू तो पेटीत लपवून ठेवशील, मी ओळखते तुला. तसं करू नकोस. सही केलेली दुसरी प्रत माझ्याकडे आहे, बुधवारपर्यंत तुमच्याकडून गेला नाही तर मी नेऊन देईन. पण तुझ्या हातून गेला तर बरं. लहानपणी तू मारायचीस, तेव्हा नंतर जेवायलाही तूच हाक मारायचीस.

तुझ्याशी खोटं वागलेली,
चित्रा