टोपडं घातलेला वरवंटा

आई, तुझ्या नातीला बाळंतपणानंतर जे झालं ते घराण्यात आधी कुणाला झालं होतं का, हे तिच्या डॉक्टरबाईंना फाइलसाठी लिहून हवं होतं, म्हणून मी कागद घेऊन बसले. "माझी आई विहिरीत पाय घसरून गेली," एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. जन्मभर मी हेच सांगत आले. आता ते खोटं आहे हे मला ठाऊक आहे, आणि गाव जे सांगायचं तेही खोटं आहे. खरं काय ते डॉक्टरांच्या आधी तुला सांगावंसं वाटलं.

मी आठ वर्षांची आहे. दुपार आहे, घरातले सगळे झेंडू तोडायला गेलेत. मळ्यातल्या घरात स्वयंपाकघराच्या दारातून मी बघते आहे. धाकटा भाऊ पाळण्यात रडतो आहे आणि तू त्याच्याकडे पाठ करून पाट्याशी बसली आहेस. कोमट पाणी घेऊन तू वरवंट्याला न्हाऊ घालते आहेस. हळद चोळतेस, पायांवर पालथा घेतेस, पाठीवरून पाण्याची धार सोडतेस. बारशाला आपल्याकडे वरवंट्याला टोपडं घालतात, बायका तो हातोहात पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, मग खऱ्या बाळाला पाळण्यात घालतात. त्या दिवसापासून ते टोपडं तू कुणाला काढू दिलं नव्हतंस. मी म्हणाले, "आई, बाळ रडतंय." तू मान वळवलीस. "रडू दे. त्यो दगड हाय. बायांनी बदलला. आपला ह्यो." मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं इतक्या साध्या आवाजात तू ते सांगितलंस. मला भीती वाटली ती त्या आवाजाची.

चुलीपाशी एक बाई बसते, असं तू आजीला सांगितलंस. आजी म्हणाली, बाहेरचं हाय. पेठच्या बाजूचा एक भगत आणला, त्याने तुझ्या दंडाला दोरा बांधला. तू झोपत नव्हतीस हे सगळ्यांना दिसत होतं, पण बाळंतीण झोपत नाही यात कुणाला नवल वाटलं नाही. थोरली काकू तर तुझ्यापुढे हात पसरून उभी राहिली. "आण तो इकडं, मसाला वाटायचाय. का त्यालाबी सव्वा महिना खाटंवर बसवायचं?" सगळ्या बायका पोट धरून हसल्या. तूही हसलीस, आणि हसता हसता त्याला पदराखाली घेतलंस.

मग ती सकाळ. तुला विहिरीतून काढलं तेव्हा वरवंटा पोटाशी लुगड्यात घट्ट बांधलेला होता. गाव म्हणालं, बाईनं वर येऊ नये म्हणून दगड बांधला, पोटच्या पोराचाही विचार केला नाही. घरच्यांनी लोकांना पाय घसरल्याचं सांगितलं. मी दोन्ही ऐकत वाढले, कॉलेजात गेले, नोकरी केली, हाताखालच्या माणसांना वेळेवर यायला आणि सरळ बोलायला शिकवलं. तुझ्यावर मी रागावलेलीच होते. भाऊ पाळण्यात सुखरूप होता, एवढंच काय ते त्या दिवशी बरं झालं असं मी धरून चालले.

यातलं अक्षरही मी माझ्या मुलीला सांगितलेलं नाही. हे नीट ऐक, कारण पुढचं मला अजून पचलेलं नाही.

ती बाळंतपणाला माझ्याकडे आली. शहरात द्वारका चौकाजवळच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी पाटा-वरवंटा कधी ठेवलाच नाही. बारशाला भावजय मळ्यातून वरवंटा घेऊन आली. तो कोणता, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बारसं छान झालं. त्यानंतर मुलगी झोपेनाशी झाली. डोळे लखलखीत, बोलणं भरभर, मग मध्येच थांबून स्वयंपाकघराकडे कान देणं. मी म्हणाले, "फोन बाजूला ठेव, डोळे मीट, झोप येईल." माझा स्वभाव तुला माहीत नाही, पण तो असाच आहे.

एका दुपारी मी आंघोळ करून बाहेर आले तर खोलीत बाळ टाहो फोडत होतं आणि स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज येत होता. ती फरशीवर बसली होती. पाय पसरलेले, पायांवर वरवंटा, हात कोपरापर्यंत पिवळे. मी तिला हाक मारली, "अगं, बाळ रडतंय," आणि माझ्या तोंडून निघालेला आवाज आठ वर्षांच्या मुलीचा होता. तिने मान वळवली, अगदी तशीच. "रडणारच ते, आई. दगड आहे तो. बारशाला बदललाय. आपला हा आहे." खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते आणि मला मात्र तोडलेल्या झेंडूच्या देठांचा वास येत होता. घरात एकही फूल नव्हतं.

मी खोलीत जाऊन बाळ उचललं. परत येऊन दरडावलं, "पुरे झालं. ऊठ." तिने माझी कीव आल्यासारखं पाहिलं. "ओरडू नकोस, ती घाबरते."

"कोण?"

"ती बाई. इथे बसते ती. ती म्हणते याला घेऊन पाण्याकडे चल." मग टोपडं नीट करत म्हणाली, "मी याला मागे ठेवून कशी जाईन? एवढासा आहे. जिथे जाईन तिथे घेऊनच जाईन ना."

त्या क्षणी मला तू कळलीस. तू दगड बांधला नव्हतास. तू बाळाला मागे टाकलं नव्हतंस. तुझ्या लेखी तू त्याला पोटाशी घेऊन गेलीस, गार लागू नये म्हणून घट्ट बांधून. आणि वरवंटा तुझं बाळ झाला म्हणून माझा भाऊ आज जिवंत आहे.

मी जावयाला फोन केला, भावाला गाडी घेऊन बोलावलं आणि जिथे तिचं बाळंतपण झालं तिथे विचारून मनोविकाराच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आत्ता घेऊन या, उद्यावर टाकू नका. तिला एकटी सोडू नका. बाळ तुमच्या हातात ठेवा. वाद घालू नका, दगड हिसकावू नका." म्हणून गाडीत पुढे मी बाळ घेऊन आणि मागे ती वरवंटा घेऊन, दोघी आपापलं थोपटत गेलो. भाऊ तिच्या शेजारी बसून होता. जावई गाडी चालवत होता, आरशात बघून रडत होता. मी त्याला म्हटलं, रस्त्याकडे बघ.

डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्याच. त्यांनी मला बसवून सांगितलं की बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं ते वेगळं, आठवडेच्या आठवडे मन उतरलेलं राहतं तो आजार वेगळा, त्यालाही उपचार लागतात, आणि हे तिसरं, क्वचित होणारं पण आणीबाणीचं. झोप उडणं ही त्याची पहिली खूण. यात बाईचा दोष नाही, हे बरं होतं. तुझं विहिरीचं न सांगता मी विचारलं, माझ्या आईच्या तोंडीही हेच शब्द होते, ते कसे? त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे बारशाला दगडाला टोपडं घालतात. आजारी मन समोर दिसेल तेच उचलतं." मला ते पटलं. पण स्वयंपाकघरात कोण बसतं, हे तुम्हा दोघींना सारखंच कसं दिसलं, ते मी विचारलं नाही.

औषधं लागू पडायला वेळ गेला. एका सकाळी वॉर्डात ती झोपून उठली, उशाच्या वरवंट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, हा इथे कशाला आणलास? चटणी वाटायचीय का?" आम्ही दोघी हसलो. मग ती खूप रडली आणि म्हणाली, बाळ दे. मी दिलं, पण माझे हात त्याच्याखालीच ठेवले.

तुला कुणी दवाखान्यात नेलं नाही. आजीला वाईट चिंतायचं नव्हतं, काकूलाही नव्हतं. हा आजार आहे हे तिथे सांगायला कुणी नव्हतं, बस. डॉक्टरांचं पान मी लिहीन, त्यात हे सगळं चार ओळींत येईल. हे पान कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, म्हणून ते इथेच राहील.

आज सकाळी मुलगी तिच्या घरी गेली. जावयाच्या हाती दिलं ते असं: सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, वेगवेगळ्या डब्यांत. डॉक्टरांचा नंबर, फ्रिजच्या दारावर लावायला. रात्री बाळाला तू उठायचं, तिला झोपू द्यायचं, ही ताकीद. डिंकाचे लाडू. दुपटी, लंगोट, काजळाची डबी. आणि बाळ. बाळ देण्याआधी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, मी त्याच्या तळव्याला बारीक चिमटा काढला. ते रडलं. मग दिलं.