अंशतः पडझड

मंगळवार, संध्याकाळ

समुद्रावरचं चक्रीवादळ रनाळ्यापर्यंत पोचलं, पण आमचे मंडळ अधिकारी साहेब गाडीतून खाली पोचले नाहीत. चिखल होता म्हणे! नुकसानीची पाहणी काचेआडून. सखुबाई गाडीला हात लावून म्हणाली, “साहेब, खाले उतरा ना. मन्हं घर मांगे शे.”

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “एक भिंत उभी दिसतेय ना? लिहा, अंशतः पडझड.”

आणि मी पंचनाम्यात लिहिलं. तलाठी झाले ती यासाठी? त्या चकचकीत बुटांची किळस आली, पण लिहिणारा हात कोणाचा होता?

गाडी गेल्यावर मी चालत मागे गेले. छप्पर नाही, तीन भिंती नाहीत. उरलेल्या भिंतीला टेकून सखुबाईची सून तान्ह्याला पाजत बसलेली. तिला आधी तिथून उठवलं. मग तिथेच ‘अंशतः’ खोडून ‘पूर्ण’ लिहिलं, सही केली आणि साहेबांना फोन लावला.

“कोणाला विचारून बदललंत?” ते ओरडले.

“घर बघून,” मी म्हटलं.

त्यांनी फोन आपटला. पंचनामा मी तसाच तहसीलला देऊन आले.