रहोबोथ

१२ जानेवारी
दारावर पाटी लावलीय — रहोबोथ! माझी धाकटी जाऊ विनिता, परवापर्यंत कुळगावच्या घरात माझ्याच ओट्यावर डबे भरत होती. आता बेलवलीत टू बीएचके. प्रमोद भावोजी सगळ्यांना बाल्कनी दाखवत फिरत होते. आमचे हे म्हणाले, "मस्त आहे रे!" घरी आल्यावर मी यांच्याशी बोलले नाही.

१३ जानेवारी
ती अंबरनाथची, ख्रिश्चन घरातली. नाव बायबलमधलंच असणार. काल विचारलं तर हसून सांगत बसली. इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली, तिथले लोक भांडायला आले. तिचं नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरूनही तेच. ती सिटना, म्हणजे वैर. मग लांब जाऊन तिसरी खणली. तिथे कोणी भांडायला आलं नाही. ती रहोबोथ. "मोकळी जागा, ताई. हिब्रू शब्द आहे."
म्हणजे आमचं घर काय? भांडण आणि वैर? सगळ्यांसमोर बोलली! सासूबाईंना कळलं नाही. मला कळलं.

२ फेब्रुवारी
बाथरूमसाठी आजही रांग. तिच्याकडे दोन आहेत.

२० मार्च
मैत्रेयी रोज क्लासवरून तिकडेच जाते. जेवूनच येते. "काकूकडे शांत असतं गं, मम्मी. काका तर नसतातच, ओव्हरटाइम." माझी पोरगी, आणि तिला भूक तिकडे लागते! मी पुरणपोळी केली तर म्हणे, पोट भरलंय.

४ एप्रिल
बंद केलं. सांगितलं, सरळ घरी यायचं. मैत्रेयी रडली. विनिताचा फोन आला — "ताई, मुलीचं काही चुकलं का?" मी म्हटलं, "परीक्षा आहे." "ठीक आहे" म्हणून तिने हळूच फोन ठेवला. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

९ एप्रिल
मैत्रेयीने मोबाईलवर ती गोष्ट शोधून मोठ्याने वाचली. मुद्दाम! त्या विहिरींच्या आधीची हकीकत. इसहाकाच्या बापाच्या विहिरी तिथल्या लोकांनी मातीने बुजवल्या होत्या. पाणी त्यांना नको होतं. नुसता हेवा.
"काय वाचतेस गं?" सासूबाईंनी विचारलं.
"काही नाही, आजी. मम्मीला माहितीये."
थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. भाजी करपली.

१७ एप्रिल
सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी विनिताने दुकानातून आणून ठेवली होती, ती घ्यायला गेले. विनिताने दार उघडलं. घरात टीव्ही नाही, भावोजींची चप्पल नाही. विचारलं तेव्हा तिने सांगितलं, ते फेब्रुवारीपासून उल्हासनगरला दुसऱ्या एका बाईकडे राहतात. आम्हाला तिने कळू दिलं नाही. सासूबाईंना सोसणार नाही म्हणे.
"मैत्रेयी यायची तेव्हा स्वयंपाक करायचे, ताई. एकटीसाठी काय करायचं?"
ओटा कोरडा ठणठणीत होता. तांदूळ कुठे ठेवतेस, एवढंच विचारलं, आणि कुकर लावला.