बारीक छर्रे, जाड छर्रे

शुक्र. १३ सप्टें.
आईंच्या मनगटात आज प्लेट बसली. माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच कलीगने बसवली. मला थिएटरमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. बरोबरच आहे, सुनेने सासूच्या हाताशी सुरी घेऊन उभं राहायचं नसतं.
बुधवारी विलायतेतल्या या घरात गौरी बसलेल्या. मी ऑन कॉल. नवरा, मिलिंद, नैवेद्य दाखवून झाल्या झाल्या बंदूक गाडीत टाकून क्ले शूटिंगला, मातीच्या तबकड्या फोडायला, पसार. आई घरात एकट्या. दोघे मागच्या दाराने आले, तोंडं काळ्या लोकरीत गुंडाळलेली. गौरींच्या गळ्यातलं ओरबाडलं, मग आईंच्या. पाटल्या निघेनात तेव्हा एकाने हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज झाला तरी पिरगाळतच होता, म्हणतात. दुसरा हसत होता.
मला ते दोघे मेलेले हवेत. अगदी सावकाश मेलेले.

रवि. १५ सप्टें.
पोलिसांची बाई येऊन गेली. गोड बोलते. सोनं बँकेत ठेवा, मागे कॅमेरा लावा. पकडले जातील का, विचारलं तर चहा छान झालाय म्हणाली.
मि. जेवत नाही. जिन्याखालच्या बंदुकीच्या कपाटासमोर बसून असतो.
"बंदूक घरात असती तर?"
"असती तर कपाटात असती. किल्ली तुझ्याकडे, तू मैदानावर. काय उपयोग?"
"मी घरात असतो तर?"
जेवणाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. ते बाजूला सारून परत: "माझी काडतुसं मातीच्या तबकड्या फोडायची. बारीक छर्रे. माणसाला काय करतील ते? तू सर्जन आहेस, तूच सांग."
झोप आता, म्हणाले.

बुध. १८ सप्टें.
आज मांडीची केस. दोघे भाऊ, शेतावरचं भांडण, एकाने किचन टेबलाच्या पलीकडून झाडली. शिकारीची साधी काडतुसं, पक्ष्यांसाठीची. वाटलं होतं छर्रे विखुरलेले असतील, वेचत बसावं लागेल. कसले विखुरतात! एकच भोक, कपाच्या तोंडाएवढं. आत छर्रे, काडतुसातलं प्लास्टिक, जीन्सचा चिंधा, हाडाचा चुरा, सगळं एकत्र कालवलेलं. पाय गेला. काढलेले छर्रे वाटीत वाजत होते, नर्स म्हणाली मोहरीसारखे दिसतात. तिला मोहरी माहीत आहे याचंच मला कौतुक.
घरी येऊन मि.ला सांगितलं. घाबरावा म्हणून सांगितलं. एवढ्या जवळून बारीक काय नि जाड काय, माणूस फाटतोच.
इतकं लक्ष देऊन माझं बोलणं त्याने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. मी थांबले तर म्हणाला, "आणि रक्त किती वेळात…" मी उठून गेले.

शनि. २१ सप्टें.
बंदुकीच्या दुकानात. मलाही नेलं. बायको बरोबर असली की माणूस सभ्य दिसतो, एवढाच हिशोब.
मि.ने जाड छऱ्यांची मागितली. काउंटरवरचा म्हातारा: "व्हॉट आर यू आफ्टर?"
"फॉक्स."
"फॉक्स? अप युअर वे?" मग माझ्याकडे बघून, अगदी हळू: "लुक, इफ इट्स फॉर द हाउस, आय डिडन्ट हिअर इट. से इट अगेन अँड आय हॅव टु रिंग द लायसन्सिंग पीपल."
स्वसंरक्षणासाठी म्हटलं की इथे बंदुकीचा परवाना जातो. मि. हसला. मीही हसले. मी का हसले?
दोन्ही बॉक्स घेतले, जाड नि बारीक. गाडीत भांडण. मी म्हणाले, जाड छर्रे आपल्या प्लास्टरबोर्डच्या भिंतीतून आरपार जातील, भिंतीपलीकडे आईंचा पलंग आहे. अक्कल वापर.
"मग काय घालू?"
"बारीकच ठेव. तेवढे पुरतात."
चहात साखर किती, या सुरात सांगितलं. एवढं बोलेपर्यंत गाडी आमच्या गल्लीत वळली. आईंनी दार उघडायच्या आधी आतून तीनदा विचारलं, कोण आहे.

मंगळ. १ ऑक्टो.
आईंचं प्लास्टर बदललं. बोटं सुजलेलीच. दिवसभर मागच्या दाराच्या दुधी काचेकडे तोंड करून बसतात. पोस्टमन आला तरी दचकतात. आज डाळ निवडताना एकदम म्हणाल्या, "त्याचा हात असाच मोडला पाहिजे. माझ्या डोळ्यांदेखत." नंतर शांतपणे खडे काढत राहिल्या.
या घरात आता दुसरा विषय नाही. आम्ही तिघंही चांगली माणसं होतो.

शुक्र. ११ ऑक्टो. खंडेनवमी
दरवर्षी पाटावर माझा स्टेथोस्कोप, मि.चा लॅपटॉप नि आईंची विळी. यंदा आई अडून बसल्या. "घरात खरं शस्त्र असून त्या लॅपटॉपच्या डब्याला कुंकू लावता?"
मि.ने कपाट उघडून बंदूक आणली. इतक्या चटकन, की कुणी म्हणायचीच वाट बघत होता. दुनळीला हळदकुंकू, झेंडूचा हार. बाजूला दोन काडतुसं, त्यांनाही कुंकू. आईंनी डाव्या हाताने लावलं, उजवा चालत नाही.
पूजेनंतर मी म्हणाले, आता आत ठेव. आई: "आज उचलायचं नसतं. उद्या उत्तरपूजा झाली की मग."
"आई, कायद्याने ती कुलपात लागते."
"कायदा आला होता का माझा हात धरायला?"
मि. हाराची फुलं नीट करत होता. सुखावलेला. मला ते दिसलं आणि मी पुऱ्यांची कणीक मळायला निघून गेले.

शनि. १२ ऑक्टो. दसरा
लिहवत नाही. नखांत रक्त आहे, निघत नाही. माणूस जिवंत आहे.

रवि. १३ ऑक्टो.
काल सकाळी. पुऱ्या तळत होते. बाजूचं गेट वाजलं. दुधी काचेवर सावली, हातात लांब काहीतरी. आई किंचाळल्या, "आले! मिलिंद, आले!"
पाटाकडे बघितलं तर हार खाली आणि बंदूक नाही. मी "थांब" म्हणाले की नुसतं वाटलं म्हणाले, कोण जाणे. आवाज झाला. घरातल्या घरात तो आवाज किती मोठा असतो याची मला कल्पना नव्हती. सगळी काच खाली.
मागच्या पॅटिओच्या फरशीवर माणूस पडलेला. बादली उलटी, साबणाचं पाणी, लांब दांड्याचा ब्रश. विंडो क्लीनर. बेल न वाजवता बाजूने मागे जायचं, ही इथल्या सगळ्याच विंडो क्लीनरांची रीत. जुना रिटायर झाला, याने त्याच्या ठरलेल्या घरांचा राउंड घेतला. आम्हाला माहीत नव्हतं.
मांडी. एकच भोक. माझी मूठ आत गेली, अख्खी. शीर बोटांखाली उडत होती, निसटत होती, परत सापडली. तो ओरडत होता, मग ओरडायचा थांबला, ते जास्त वाईट. कढईतलं तेल जळायला लागलं, धूर बाहेरपर्यंत.
आई दारात येऊन: "हाच. हाच तो."
मि. माझ्या बाजूला गुडघ्यावर, बंदूक अजून हातात, पांढराफटक. म्हणाला, "पायावरच मारलं गं. आणि बारीकच घातले होते. तू म्हणालीस तेच."
माझी समजूत घालत होता.

बुध. १६ ऑक्टो.
त्याचं नाव डॅरन. पाय मांडीतून काढला. व्हेंटिलेटरवरून आज उतरवला.
मि. जामिनावर. या घरात यायचं नाही, माझ्याशी नि आईंशी बोलायचं नाही. लीड्सला मित्राकडे आहे.
मि.ची वकील, सॉलिसिटर बाई, हुशार आहे. म्हणाली, आधीचा दरोडा, म्हातारी आई, पूजेमुळे बाहेर असलेली बंदूक, घाबरलेला माणूस. कोर्ट ऐकेल. फक्त काडतुसं माणसासाठी निवडून आणली होती हे पुढे आलं, तर घाबरलेला माणूस उरत नाही, वाट बघत बसलेला माणूस उरतो. मग वर्षानुवर्षं आत. दुकानदाराने फॉक्स ऐकलंय, त्यापुढचं तो बोलेलसं तिला वाटत नाही. "अँड दे कान्ट मेक यू गिव्ह एव्हिडन्स अगेन्स्ट युअर हजबंड. यू कॅन सिंपली से नथिंग."
आईंनी पोलिसांना सांगून टाकलंय, हाच तो.
मी विचारलं, "आई, तोंडं झाकलेली होती ना? चेहरा कधी बघितलात तुम्ही?"
"मग काय करू? माझ्या मुलाला तुरुंगात जाऊ देऊ?"
भांडले नाही. त्यांना घास भरवला. चमचा अजून धरता येत नाही त्यांना.

शुक्र. १८ ऑक्टो.
वॉर्डवर जायला नको होतं. साक्षीदार आहे मी. गेले.
तिशीतला असेल. चादर एका बाजूला सपाट. मला वाटलं ओळखणार नाही.
"यू आर द लेडी फ्रॉम द हाउस. दे सेड यू हेल्ड मी टुगेदर."
मी ड्रिप नीट केली. नीटच होती.
"सॉरी, लव्ह," तो म्हणाला. "शुड हॅव रंग द बेल, शुडन्ट आय? युअर पुअर मदर-इन-लॉ. द पोलीस टोल्ड मी अबाउट हर. आय मस्ट हॅव स्केअर्ड हर टु डेथ."
माफी मागत होता. माझी.
आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "इट्स ऑल राइट."
कारमध्ये बराच वेळ बसून होते. मि. आत गेला तर आईंचं काय, माझं काय. मि. सुटला तर त्याच्याशेजारी रोज झोपायचं. बोलले तर काडतुसं कुणी निवडली हेही बोलावं लागेल.
उद्या सकाळी पोलिसांनी बोलावलंय. सॉलिसिटरचा मेसेज आलाय, काय ठरलं? अजून उत्तर दिलेलं नाही.